आजारी कारखान्यातल्या दुर्गेबाई

प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून दुर्गेबाई काळ्या कागदावर चिमूटभर पांढरी पूड पसरायच्या आणि त्या पुडीनेच काहीतरी चोरलं असावं अशा नजरेने तिच्याकडे बघायच्या. चष्मा कपाळावर, ओठ आवळलेले. मग चाचण्या व्हायच्या, आकडे यायचे, आणि आकडे चांगले आले तरी बाईंचा चेहरा काही खुलायचा नाही. पिंपावर शिक्का मारताना कुणी हौसेने विचारलं, "काय बाई, ठीक आहे ना माल?" तर उत्तर ठरलेलं. "पास आहे. ठीक नाई. दोन गोष्टी वेगळ्या आहेत." नव्या माणसाला हा उद्धटपणा वाटे. जुन्या माणसांनाही तसाच वाटे, फक्त त्यांना सवय झाली होती.

आमचा कारखाना चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला आहे. तापाच्या गोळीत जो खरा औषधी घटक असतो, त्याची पूड आम्ही बनवतो. गोळ्या दुसरे लोक पाडतात. बाई मूळच्या राजुऱ्याच्या. वडील कोळसा खाणीत कामाला, घर आजोबांच्या वेळेपासून बौद्ध, आणि शिकण्यात कुचराई केलेली त्या घरात कुणालाच चालत नसे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून त्या इथे आल्या आणि तीसेक वर्षांत त्यांनी शेठजींपासून शिपायापर्यंत एकालाही खूश केलं नाही.

मी ढिवराच्या घरचा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळं टाकतात. मी इंग्रजीत एम.ए. झालो आणि शेठजींच्या केबिनबाहेर बसून अर्ज लिहू लागलो. पहिल्याच आठवड्यात एक दाखला आणायला प्रयोगशाळेत गेलो, तर बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही इथी काय करता, भाऊ?" मी सांगितलं, दिल्लीला पाठवायचे अर्ज लिहितो. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्या कारखान्यात दोन माल निघतात. एक पावडर, एक रडगाणं. त्यातलं रडगाणं चांगल्या क्वालिटीचं हाय म्हणतात."

हे रडगाणं काय, ते सांगायला हवं. आम्ही बनवतो तीच पूड चीनमधून येते आणि इथे पडेल भावात विकली जाते. तसं चालू राहिलं तर इथला कारखाना बुडेल, म्हणून सरकार त्या आयातीवर जास्तीचं शुल्क लावतं. त्याला अँटी-डंपिंग ड्युटी म्हणतात. ती पाच वर्षांसाठी असते. तेवढ्या काळात इथल्या कारखानदाराने सावरावं, यंत्रं सुधारावीत, असा त्यामागचा भाबडा विचार. पाच वर्षं संपली की ती जाते. पण आम्ही अजूनही आजारीच आहोत आणि ड्युटी काढली तर मरू, हे कारखानदाराने पटवून दिलं तर ती पुढे चालू राहते. ते पटवून देण्यासाठी शेठजींनी मला ठेवलं होतं.

मिळालेल्या पाच वर्षांत शेठजींनी पुष्कळ सुधारणा केल्या. दारात कारंजं बांधलं. ताडोब्याच्या वाटेवर फार्महाऊस उठवलं. कंपनीच्या नावाची पाटी बदलून रंगीत दिव्यांची केली. पूड वाळवायचा ड्रायर मात्र त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता, तो तसाच राहिला. उन्हाळ्यात चंद्रपूरचं ऊनच एवढं असतं की कारखान्यात काहीही वाळतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे. पावसाळ्यात मात्र पुडीची ढेकळं व्हायची आणि पॅकिंगच्या बाया ती कपडे धुवायच्या मोगरीने फोडून चाळून घ्यायच्या. औषधाच्या कारखान्यात मोगरी. बाहेरून कुणी आलं की ती पोत्याखाली लपवायची, एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं.

बाई असली पिंपं परत पाठवायच्या. मग शेठजी स्वतः प्रयोगशाळेत येऊन हवेला, विजेला, मजुरांना आणि सरतेशेवटी चीनला दोष द्यायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि शिक्का खणात ठेवून खण लावून घ्यायच्या. "पावडरीले कारण समजत नाई, शेठजी. तिले ओल समजते." ते एक वाक्य शेठजींना इतकं झोंबायचं, की दुपारभर केबिनमधून त्यांच्या शिव्या ऐकू यायच्या. ढेकळांची पिंपं पुन्हा वाळवल्याशिवाय तरी बाहेर जात नसत. तेवढी त्या बाईंची सत्ता.

पाच वर्षं संपत आली, माझा अर्ज गेला, आणि दिल्लीहून पडताळणीसाठी एक अधिकारी येणार असं पत्र आलं. शेठजींनी आम्हा चारपाच जणांना बोलावून धोरण समजावलं. कारखाना रोगट दिसला पाहिजे. अर्धी यंत्रं बंद, माणसं रिकामी, चेहरे पडलेले. स्वतः शेठजी त्या दिवशी गाडी न आणता मॅनेजरच्या स्कूटरवर येणार होते. कामगारांसाठी सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. रोगट दिसा, असं फळ्यावर कसं लिहिणार? मी लिहिलं, 'दिल्लीचे वरिष्ठ अधिकारी भेटीस येत आहेत. सर्वांनी योग्य ती तयारी ठेवावी.'

आमच्या जिल्ह्यात वरिष्ठ अधिकारी येणार म्हटलं की योग्य ती तयारी काय असते, हे मला कळायला हवं होतं. ग्रामपंचायत असो की आश्रमशाळा, साहेब येणार म्हणजे चुना आणि गेरू. दोन दिवसांत फाटकापासून बॉयलरपर्यंतचा प्रत्येक दगड आणि झाडाचा प्रत्येक बुंधा लाल-पांढरा झाला. बंद पडलेल्या जुन्या टाकीला कुणीतरी चंदेरी रंग फासला. आंब्याच्या पानांची कमान उभी राहिली, पॅकिंगच्या बायांनी दारात 'सुस्वागतम्'ची रांगोळी घातली, आणि साहेबाला सगळं चालू दिसावं म्हणून झाडून सारी यंत्रं सुरू केली. कारंजंसुद्धा. जुना सदरा घालून स्कूटरवरून उतरलेले शेठजी त्या कमानीखाली उभे होते, त्या वेळचा त्यांचा चेहरा मात्र खरोखर रोगट होता. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या लोकाईले आजारी पडताबी येत नाई, भाऊ."

पण खरं संकट पुढेच होतं, आणि ते बाईंच्या टेबलावर होतं. नियम असा, की आमचा माल बाहेरच्या मालासारखाच असेल, तरच त्याच्यापासून संरक्षण मागता येतं. तो तसा आहे, हे प्रयोगशाळा-प्रमुखाने सांगायचं. शेठजींनी बाईंना आधीच बजावलं होतं. त्यांच्या बजावण्याला बाई भीक घालत नव्हत्या; पण आदल्या दिवशी पॅकिंगच्या बाया येऊन गेल्या. त्यातली वनिता म्हणाली, "बाई, एक डाव म्हणून टाका सारखाच हाय. ड्युटी गेली तं गेट बंद होते. मंग आमी कुठी जाऊ, सूरजागडच्या खाणीत?" बाईंनी खरं बोलावं तर या बायांच्या चुली विझणार, आणि खोटं बोलावं तर शेठजींना आणखी पाच वर्षं मोगरीवर निभावता येणार.

अधिकारी आला, शहाळ्याचं पाणी प्यायला, रांगोळीचं कौतुक केलं आणि प्रयोगशाळेत बसला. बाईंनी दोन काळे कागद मांडले. एकावर चीनची पूड, दुसऱ्यावर आमची, पावसाळ्यातली. दुसऱ्या कागदावरचे खडे मला दारातून दिसत होते. बाई म्हणाल्या, "साहेब, आपला माल आठ महिने सारखा असते. पावसाचे चार महिने नाई. ड्युटी ठेवा, गेट बंद झालं तं या बायाईचे हाल होतीन. पण शेठजीनं ड्रायर घेतल्याबगर ड्युटी नाई, असं लिहून ठेवा." खोटं न बोलता कुणाचीही चूल न विझवण्याचा एवढा सरळ मार्ग त्या खोलीत दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

अधिकाऱ्याने हिंदीत समजावलं, की अशी अट घालणं त्याच्या कक्षेत येत नाही. छापील फॉर्मात तसा रकानाच नाही. त्याला एवढंच सांगावं, की दोन्हींचा फॉर्म्युला एकच ना? बाई म्हणाल्या, एकच. त्याने तेवढं लिहून घेतलं आणि फाइल मिटली. "फॉर्म्युला तं आजारी माणसाचा अन् धडधाकट माणसाचाबी एकच असते, साहेब," बाई म्हणाल्या, पण तोवर तो उठला होता आणि शेठजी त्याला कारंजं दाखवत होते.

आठव्या दिवशी बाईंना कामावरून कमी केल्याचं पत्र निघालं. कारण, खर्चकपात. टाइप मीच केलं. पॅकिंगच्या बाया रडल्या, आणि रडताना त्यांतल्या दोघी म्हणाल्या, की बाईंना जरा गप्प बसायला काय झालं होतं. बाईंनी कुणालाच दोष दिला नाही. आपला चष्मा, एक डबा आणि काळ्या कागदांचा गठ्ठा पिशवीत भरला आणि त्या राजुऱ्याच्या बसने निघून गेल्या. नवा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्याला सगळाच माल ठीक वाटत होता.

शेवटचं लेखी निवेदन अजून जायचं होतं. त्यात आमचं नुकसान किती झालं ते सांगायचं होतं, आणि आमच्या चुना-गेरूने ती बाजू फारच लंगडी करून ठेवली होती. शेठजी विचार करत बसले, मग एकदम उजळले. नोकऱ्या जाणं हेही नुकसानच धरतात, असं त्यांना वकिलाने सांगितलं होतं. "अरे, अपनी बाई गेली ना? टाक तिले," ते म्हणाले. मी टाकली. 'स्वस्त आयातीच्या माऱ्यापुढे कंपनीला तीस वर्षांच्या अनुभवी प्रयोगशाळा-प्रमुखांनाही गमवावे लागले.' इंग्रजीत ते वाक्य फार छान उतरलं होतं. शेठजींनी त्याचा अर्थ माझ्याकडून दोनदा ऐकला. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं होतं.

ड्युटी पुढच्या पाच वर्षांसाठी चालू राहिली. पेढे वाटले. शेठजींनी भाषणात देशी उद्योगाच्या जिद्दीविषयी बरंच सांगितलं आणि माझा पगार वाढवला. ड्रायरचं नाव कुणी काढलं नाही. त्या पावसाळ्यात मोगऱ्या एकीच्या तीन झाल्या, आणि आता त्या कुणी लपवतही नव्हतं.

मला राहवेना, म्हणून एका रविवारी राजुऱ्याला गेलो. बाई घरच्या ओट्यावर आठदहा मुलींना रसायनशास्त्र शिकवत होत्या. शिकवणी संपेपर्यंत त्यांनी मला खुर्चीवर बसवून ठेवलं. मग चहा दिला आणि कारखान्याची चौकशी केली. मी खिशातून त्या निवेदनाची प्रत काढली आणि ते वाक्य दाखवलं. का दाखवलं, ते मला अजून सांगता येत नाही. माफी मागायची होती, की वाक्य किती चांगलं जमलंय ते त्यांना दाखवायचं होतं? बहुतेक दोन्ही.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सावकाश वाचलं. "म्हंजे मले चीननं काढलं," त्या म्हणाल्या. पॅकिंगच्या बाया कशा आहेत, गेट चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेवढ्याने त्यांना खरोखर बरं वाटलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. शेठजींची सही आहे, मी फक्त लिहून दिलं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

त्यांनी कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "शेठजीले इंग्रजी येत नाई, भाऊ. मले तुम्ही काढलं." आवाज चढलेला नव्हता. मी निघताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "हे लिहिणं सोडलं की या. जेवाले या."

मी अजून त्याच केबिनबाहेर बसतो. नव्या अर्जाची तयारी सुरू झाली आहे. राजुऱ्याला मी पुन्हा गेलेलो नाही.