मशीनला न दिसलेली मंजुळा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटतं – लॉकरची किल्ली कुठे, विम्याचा हप्ता कधी, गव्हात पारा कधी घातला. आणि खरंच, माझ्या घरात प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असते. ही एकच कुठे ठेवावी ते मला इतकी वर्षं कळलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतेय? नक्की सांगता येणार नाही. दमलेय, एवढं खरं.

आम्ही दोघं कायमचे मुलीकडे निघालोय, कॅनडाला. वर्षभर तेच चाललंय – घर आवरणं, कागद, तपासण्या, पुन्हा कागद. मी याद्या करते, झालेलं खोडते. गेल्या महिन्यात बोटांचे ठसे द्यायला बोलावलं. आपल्या नावावर कुठे गुन्हा नाही ना, हे बघायला. फॉर्मवर प्रश्नही तसेच होते. अटक झाली होती का? शिक्षा झाली होती का? मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. सगळीकडे खरंच लिहिलं.

ठसे घ्यायची जागा द्वारका चौकाच्या पुढे, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझा नंबर लागला. काचेवर बोटं ठेवली – लाल दिवा. पुसून ठेवली – पुन्हा लाल. मशीनमागचे गृहस्थ माझ्याच वयाचे होते, शांत. “हात ढिला सोडा मॅडम, तुम्ही दाबू नका,” म्हणाले. ओला रुमाल दिला. कोरडी कातडी, भांडी-धुणं, वय, पुष्कळ बायकांचं असं होतं म्हणाले. अंगठा काही केल्या उठेना. आणि मग माझा हात आपोआप वर गेला. अंगठा मी कपाळावरच्या केसांतून फिरवला, बोटाला तेल लागलं, आणि काचेवर ठेवला. हिरवा.

नवरा शेजारी हसला. “हे गं कुठे शिकलीस?”

“असंच,” म्हटलं मी.

असंच नव्हतं. ते मी मंजुळाकडून शिकले होते.

मुलगी बारावीला होती तेव्हा मी दिंडोरीकडे एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला होते. हजेरी, पगार, गाड्यांचे कागद – ऑफिस माझ्याकडे. हंगामात सुरगाण्याकडून बायका यायच्या, तीन-चार महिने तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. त्या वर्षी शेठनी अंगठ्याची मशीन बसवली. मला आवडली. मशीन कुणाची बाजू घेत नाही, असं मी तेव्हा म्हणायचे.

मंजुळाचा अंगठा मशीन घ्यायची नाही. वर्षानुवर्षं भात, नागली, मग आमच्याकडची द्राक्षं – बोटं गुळगुळीत झाली होती. ती अंगठा केसांतून फिरवायची, ठेवायची, पुन्हा फिरवायची. मशीनची काच तेलकट होते म्हणून मी ओरडायचे. ती हसायची.

“मशीनला मी दिसत नाय मॅडम. तुम्हाला तरी दिसते ना?”

“मला दिसून काय उपयोग? मशीनला दिसायला हवीस.”

रोजचं झालं होतं ते आमचं. रांगेतल्या बायकाही हसायच्या. संध्याकाळी, ज्यांचा अंगठा उठला नाही त्यांची हजेरी मी हाताने भरायचे. कधी चुकले नाही. मला त्याचा – काय म्हणू – अभिमान होता.

मग तो दिवस. दुपारी थंड खोलीत क्रेटची थप्पी सरकली आणि मंजुळाच्या पायावर आली. आवाज मी ऑफिसात ऐकला. धावत गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती, पाय विचित्र वळलेला, आणि ओरडत नव्हती. माझा हात तिने धरला होता. जीप येईपर्यंत धरलेलाच होता. हे सांगतानाही मला थांबावंसं वाटतंय – इथे थांबले तर मी बरी बाई दिसेन, नाही का?

संध्याकाळी मी हजेरी भरायला बसले. शेठ दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “ताई, आज हाताने भरायचं राहू द्या.” एवढंच. रागावले नाहीत, धमकी नाही. मी पेन खाली ठेवलं. कधी काही कोरं न सोडणारी मी – मंजुळाच्या नावापुढे तो दिवस कोरा सोडला.

महिनाभराने कामगार कार्यालयातून एक साहेब आले. मंजुळाने भरपाई मागितली होती. मोडलेला पाय वाकडा सांधला होता, ती काठी घेऊन आली होती, भाऊ बरोबर होता. शेठचं म्हणणं, ती त्या दिवशी कामावर आलीच नव्हती, बाहेर कुठेतरी पडली. बरोबरच्या बायका हंगाम संपवून आपापल्या पाड्यांवर गेलेल्या. राहिली मशीन. आणि मशीनमध्ये मंजुळा नव्हती.

साहेबांनी तिला विचारलं, कुणी साक्षीदार आहे का? ती जरा हसली. रोज सकाळी हसायची तसंच.

“मॅडमला विचारा ना. त्यांना मी दिसते.”

साहेब माझ्याकडे वळले. भला माणूस असावा, कारण त्यांनी मला वाट करून दिली. म्हणाले, “मशीनचं सोडा. तुम्ही तिला त्या दिवशी पाहिलं होतं का?”

मी म्हणाले, “मशीनमध्ये नोंद नाही, तर मी कसं सांगणार?”

बघा, खोटं एक अक्षर नाही त्यात. मी शोधूनच काढलं होतं ते वाक्य, आदल्या रात्री. खोटं न बोलता खोटं कसं बोलायचं, याचीही मी नीट तयारी केली होती.

भावाने मंजुळाला धरून उठवलं. ती माझ्याकडे बघत होती – रागाने नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. जरा डोळे बारीक करून, लांबचं माणूस नीट ओळखू येत नाही तसं.

भरपाई मिळाली नाही. पुढच्या हंगामात तिच्या जागी तिची मुलगी आली. बारावीच्याच वयाची. अंगठा पहिल्याच खेपेला उठायचा तिचा. मी तिला आईबद्दल विचारलं नाही. आणखी दोन वर्षं मी तिथे नोकरी केली. सुरगाणा फार लांब नाही, जीप मिळतात. गेले नाही.

कारणं होती. मुलीचं कॉलेज, नोकरी, शेठचा स्वभाव. एकेकाळी मी ती मनात नीट लावून ठेवली होती. आता ती वाचायचाही कंटाळा येतो. मी घाबरले, आणि घाबरणं सोपं होतं, कारण समोर मंजुळा होती.

ठसे द्यायच्या दिवशी द्वारकेला माझी दोन बोटं शेवटपर्यंत उठली नाहीत. मी विचारलं, आता काय? ते गृहस्थ शेरा लिहीत होते – ठसा अस्पष्ट, व्यक्ती समक्ष हजर. मान वर न करता म्हणाले, “काळजी करू नका. मशीनचं जाऊ द्या, मी बघतोय ना तुम्हाला.” सही केली, शिक्का मारला. इतकं साधं काम होतं ते.

जिना उतरताना नवऱ्याने माझं कोपर धरलं. चक्कर येतेय का, म्हणून विचारलं. नाही म्हटलं.

तपासणीत काही निघालेलं नाही. कागद पुढे गेले. तिकिटं बघायला लागलोय आता.

मंजुळा त्या दिवशी कामावर होती. सकाळी दारात उभी राहून तिने अंगठा केसांतून फिरवला, मशीनवर ठेवला, लाल दिवा लागला, आणि ती माझ्याकडे बघून हसली. मी तिला पाहिलं होतं.