दुसऱ्याच्या नावाची हजेरी

"न्हाय साहेब, ह्याला खोटी हजेरी म्हनू नका."

"मग काय म्हणू, बाई? नाव एकीचं घेता, उत्तर दुसराच देतो!"

शिक्षण विस्तार अधिकारी बिराजदार साहेब न सांगता येऊन वर्गात उभे राहिले, तेव्हा तारामतीबाईंची हजेरी चालली होती. त्यांनी पुकारलं, "कडूबाई." उठला लिंबाजी. "आईसंगं खडी फोडाय गेलीया. दोपारी येती म्हनली." तिथंच साहेबांनी हात वर केला.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी, दुष्काळाचा; गावोगावी खडी फोडायची सरकारी कामं चालू. बोगस हजेरी सापडली की निलंबन, हे बाईंना ठाऊक होतं. बेंबळीला घरची सात तोंडं त्यांच्या एकटीच्या नोकरीवर होती.

"जोड्या हायत्या साहेब. एक पोर गावातलं, एक वस्तीवरचं. आपल्या जोडीचं का आलं न्हाय, ते दुसऱ्यानं सांगायचं. वहीत गैरहजरच लिवते म्या."

बाई बेंबळीच्या बौद्धवाड्यातल्या. चौथीत दोन महिने तापानं पडल्या होत्या. मास्तरांनी रोज नाव पुकारलं, फुली मारली अन् पाठ पुढं रेटला. कुणी विचारलं नाही. ह्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा गावातली अन् वस्तीवरची पोरं दोन टोकांना बसायची. एकमेकांचं घर कुठं हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

"आणि भूगोल? पाच पाठ मागं आहात!"

"आधी पोरं एका जागी येऊ द्या. पोरांबिगर रिकाम्या पोत्यांला भूगोल शिकवू व्हय?"

साहेबांनी वही ओढून घेतली. बोट एका नावावर थांबलं.

"धुरपदा. हजर मांडलीय. कुठाय?"

गुलाबच्या शेजारचं बसायचं पोतं रिकामं. बाईंनी दाराकडं बघितलं. मघाशी तर पोरगी इथंच होती!

"हिची जोडी कोण?"

गुलाब उठली. बागाईतदाराची लेक, एरवी तोंडाळ. आता बाईंकडं नुसती बघत राहिली. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. धुरपदाची आई खडीवर, म्हणून ती तान्ह्या भावाला घेऊन यायची. वर्गात लहान मूल बसवायला बंदी. गुलाबनं खरं सांगितलं तर एक ठपका, गप्प बसली तर बोगस हजेरीचा, त्याहून मोठा.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"सांग गं," बाई म्हणाल्या. "आपल्या हजेरीत खोटं चालत न्हाय."

"मागं लिंबाखाली हाय, साहेब. भावानं तुमाला बघून तोंड वाकडं केलं. रडंल म्हून घिऊन गेली. रोज आणती. आमी पाळीपाळीनं घेताव त्याला."

"शाळा आहे का बालवाडी?"

"त्याची बी हजेरी देताव," लिंबाजी बोलून गेला, "पर बाई वहीत लिवीनात."

पोरं खुसखुसली. साहेब हसले नाहीत. खिडकीशी जाऊन त्यांनी लिंबाखाली भावाला घेऊन बसलेली धुरपदा पाहिली. मग येऊन शेरेबुकात तीन ओळी लिहिल्या. बाईंनी उभ्याउभ्याच वाचल्या. हजेरी बरोबर आढळली. भूगोल पाच पाठ मागे. लहान मुलांस वर्गात बसवू नये.

"महिन्यानं येतो. पाठ भरून काढा. आणि ते मूल मला दिसता कामा नये."

"व्हय साहेब."

साहेबांची सायकल ओढ्यापार गेली तसं बाईंनी खिडकीतून हाक मारली, "धुरपदे, आन त्येला आत. ऊन चढलंय."

पोरगी आली, भाऊ गुलाबच्या मांडीवर टाकला अन् आपली पाटी शोधू लागली. बाईंनी फळा पुसला.

"काढा भूगोल. पान बत्तीस."