बायकोच्या नाकावरची रेघ

११ नोव्हेंबर, मंगळवार. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात बायकोच्या नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी पंच्याऐंशी हजार रुपये भरले. हजर आम्ही तिघे: ती, मी आणि नागपुरात राहणारा तिचा धाकटा भाऊ. पैसे तिचे होते. मूल गावी आमच्या घरी समोरच्या खोलीत ती ब्लाउज शिवते. त्या शिलाईतून तिने ते बाजूला ठेवले होते. त्यामुळे ते कशावर खर्च व्हावेत यावर मी काही बोललो नाही. मत होते, पण ते मी माझ्याजवळ ठेवले.

तिचे नाक मधोमध बसके होते. माहेरी तिला सगळे नकटी म्हणत. माझ्या घरी तसे कोणी म्हटले नाही, तरी चार बायका जमल्या की ती पदर पुढे ओढून मागच्या रांगेत बसे. मुलाचे लग्न कुरखेड्याच्या मुलीशी जानेवारीअखेर ठरले, तेव्हा तिने जाहीर केले की वरमाय म्हणून मी मागे बसणार नाही, नाक नीट करून घेणार. मुलगा म्हणाला, "आता काऊन वो आई? इतके वर्ष तं चाललं." ती म्हणाली, "इतके वर्ष पैसे नोयते."

सर्जनने आत बसवायची सिलिकॉनची पट्टी आधी आम्हाला हातात घेऊ दिली. करंगळीपेक्षा बारीक, पांढरी, रबरासारखी. निघताना त्यांनी सूचना दिल्या. धक्का लागू द्यायचा नाही, पालथे झोपायचे नाही आणि आम्ही सांगेपर्यंत नाकात सोने घालायचे नाही. तिच्या नाकातली सोन्याची लवंग आधीच काढून माझ्या खिशात ठेवली होती.

महिनाभरात सूज ओसरली आणि नाक दिसायला लागले. चांगले दिसत होते, हे मला मान्य करावे लागले. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका माप देता देता तिच्याकडेच बघत आणि ती त्यांना बघू देई.

डिसेंबरच्या मध्यावर ती घरातही मास्क लावू लागली. मी राइस मिलमध्ये हिशेबाला आहे. ते दिवस धानाचे, मिलबाहेर ट्रॅक्टरांची रांग. कोंड्याची धूळ सगळ्या गावात असते, त्यामुळे मास्कचे मला नवल वाटले नाही. पण जेवताना तो काढावाच लागतो. नाकाच्या शेंड्याजवळ डावीकडे लाल चट्टा होता आणि घास चावताना ती डोळे बारीक करत होती.

मूलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग टेबलावरचे बॉलपेन उचलून त्यांनी लालीच्या कडेने तिच्या चेहऱ्यावर रेघ ओढली. लाली या रेघेबाहेर गेली तर माझ्याकडे वेळ घालवू नका, सरळ नागपूर गाठा, असे त्यांनी बजावले. मला ही पद्धत पटली. रोज सकाळी तिने तोंड धुतले की मी पुसट झालेली रेघ पुन्हा गिरवी आणि खिडकीपाशी उभे करून फोटो काढी. गोळ्या चालू होत्या तोवर लाली आत आत सरकली. गोळ्या संपल्या आणि ती परत आली. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात लालीने रेघ ओलांडली आणि नाकपुडीतून पू आला.

नागपूरला सर्जनने बॅटरी लावून पाहिले. ते म्हणाले, जंतू त्या पट्टीवर चिकट थर धरून बसतात. पट्टीत रक्त फिरत नाही, म्हणून औषध तिथे पोचत नाही. गोळ्यांनी बाहेरची लाली दबते, आतले तसेच राहते. पट्टी काढावी लागेल. उशीर केला तर वरची चामडी पातळ होऊन फुटेल, आणि मग पुढे नाक दुरुस्त करणे अवघड. जखम पूर्ण बरी झाल्यावर, सहा महिने ते वर्षभराने, कानाची किंवा बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन पुन्हा करता येते. शेवटी त्यांनी विचारले, नाकात काही घातले होते का?

"कडुलिंबाची काडी," बायको म्हणाली.

मलाही ते तेव्हाच कळले. आमच्याकडे नाक टोचले की छिद्र बुजू नये म्हणून त्यात कडुलिंबाची सोललेली काडी ठेवतात. लवंग काढल्यावर तिचे छिद्र बारीक होत चालले होते. शेजारीच राहणाऱ्या माझ्या वहिनीने काडी करून दिली, आणि भरल्या घरच्या बाईचे नाक लग्नात रिकामे दिसू नये म्हणून हिने ती दाबून घातली. सोने घालू नका असे सांगितले होते. काडी सोने नव्हती. शिवाय कडुलिंब औषधी.

सर्जनने पुन्हा बॅटरी लावून ते छिद्र पाहिले. मग म्हणाले की जंतू तिथूनच शिरले असे मी खात्रीने सांगू शकत नाही, काही न घालताही असे होते. उपाय मात्र दोन्हीकडे एकच. तिने लग्नापर्यंत मुदत मागितली. त्यांनी जास्त ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या, पण मुदत दिली नाही.

घरी आलो तेव्हा वहिनी अंगणातच उभी होती. "भाऊजी, काडी मीच देल्ली," म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

बायको म्हणाली, "मीच मांगतली होती बाई. आता तुमी रडून माहं नाक चांगलं होते का? चहा मांडा."

पट्टी काढायचे माझ्या मनाने ठरवले होते. तिच्या मनाने नव्हते, आणि नाक तिचे होते. मी तिला मिलमधली गोष्ट सांगितली. थप्पीतले एखादे पोते ओले असले तर बाहेरून हात लावून कळत नाही. परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून मधले दाणे काढतो आणि ते गरम लागले तर वरून ऊन दाखवून भागत नाही. पोते ओढून रिकामे करावे लागते, नाहीतर शेजारची पोतीही जातात.

"माह्या नाकाले धानाचं पोतं करून राह्यले का तुमी?"

मी हो म्हणालो. ती हसली, हसताना दुखले आणि तिने नाकावर हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ गिरवल्यावर मी फोनमधले सगळे फोटो तिला ओळीने दाखवले. काही समजावले नाही. ती ते मागे-पुढे करून पाहत राहिली. मग मशीनवरचा आरसा घेऊन खिडकीत गेली. शेंड्याची चामडी ताणून चकचकीत झाली होती, मध्ये निळसर. कापड जोखावे तसे तिने त्या जागेच्या बाजूने बोट फिरवले.

"हे फाटते आता," ती म्हणाली. "बाही तंग झाली का शिवणीपाशी कापड अस्संच चमकते. मंग एका दिवशी हात वर केला का गेलं."

आरसा तिने जागेवर ठेवला. "लगन पोराचं हाय, माह्या नाकाचं नाई. गाडी सांगा."

गाडी मी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. ते तिला बोललो नाही.

पट्टी काढली. तिच्यावर पिवळट बुळबुळीत थर होता, तो तपासणीला पाठवला. आतली जागा धुऊन घेतली, शिरेतून औषधे दिली, आणि लाली या वेळी गेली ती परत आली नाही. नाक पूर्वीपेक्षाही थोडे खाली बसले, शेंड्याला खळगा राहिला.

कुरखेड्याला लग्नात ती नाकावर छोटी पट्टी चिकटवून पुढच्या रांगेत बसली. मुलीकडच्या बायका आडून आडून विचारत होत्या, पडल्या का, गाडीचं काही झालं का. तिने मोठ्याने सांगितले, "नाक उंच केलं होतं. त्यात पू झाला. काढून टाकलं." दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. विहीणबाई जवळ सरकल्या. त्या म्हणाल्या, "मंग आता?"

"मंग आता पंगत बसून राह्यली. चला."

फेब्रुवारीत शेवटची तपासणी झाली. जखम भरली होती. सर्जनने कूर्चेच्या शस्त्रक्रियेचे पुन्हा समजावून सांगितले. ती म्हणाली, दिवाळीनंतर सांगते, आणि तेव्हा काय काय घालायचे नाही ते सगळे आधी लिहून द्या. पट्टी काढण्याची त्यांनी स्वतःची फी घेतली नाही. मेहुण्याने पाकीट काढले होते, तिने ते परत खिशात घालायला लावले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे सहा हजार, खोली आणि औषधांचे सोळा हजार चारशे, जंतूंच्या तपासणीचे अठराशे. एकूण चोवीस हजार दोनशे रुपये तिने आपल्या खात्यातून दवाखान्याला दिले.