खालच्या खाचरावरची सावली

रामनगरकडच्या माझ्या दोन खाचरांत आता भात नाही, सोलरच्या पाट्या आहेत. जमीन मीच कंपनीला भाड्यानं दिली. पाट्या दिवसभर सूर्याकडं तोंड फिरवतात. पण सूर्य खाली असला की त्याच्याकडं बघायचं सोडून उलट्या फिरून आडव्या होतात, नाहीतर एका रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते. हे मला बेळगावच्या इंजिनियर पोरीनं दोन पंजे समोर धरून दाखवलं. मी चौथी शिकलेला, पण कळलं.

पाट्या उलट्या फिरवल्या तर सावलीत किती वीज जाईल, न फिरवल्या तर किती, हे ती कॉम्प्युटरवर आधीच मांडत होती. त्यासाठी तिला दोन खाचरांमधला उतार पाहिजे होता. ती यंत्र घेऊन आली तेव्हा मी बांधावर आडवा उभा राहिलो.

"एक वीत हाय. पन्नास वर्सं चिखल तुडवलाय. आता तू मला मोजून दाखवणार व्हय?"

"अज्जा, मोजू तरी द्या."

"माझ्या शब्दावर इश्वास न्हाई?"

तिनं यंत्र पिशवीत घातलं आणि वीत लिहिली.

मी खोटं बोललो नव्हतो. आम्ही खाचराची उंची पाण्यावरून धरतो. खालच्यात मी पाणी खोल ठेवायचो, म्हणून वरच्या पाण्यापासून खालचं पाणी वीतभरच. जमीन मात्र गुडघाभर खाली होती.

पाट्या बसल्या. वरचं खाचर उगवतीला. पाट्या वीतभर उतार धरून फिरायच्या, म्हणून रोज सकाळी खालच्या रांगेवर चार बोटं सावली यायची, आणि तेवढ्यानं अख्ख्या पाटीची वीज कमी व्हायची.

कंपनीचे मोठे साहेब आले. "न मोजताच उतार लिहिलास?" सगळ्यांसमोर तिला विचारलं. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी तिथंच तिचं काम काढून घेतलं.

मग मी बोललो. "वीत मी सांगितली. मोजायला मीच दिलं न्हाई."

"अज्जा, तुम्ही सांगाल ते लिहायला तिला पगार देत नव्हतो," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

नाक्यावर बसची वाट बघत ती म्हणाली, "कशाला बोललात, अज्जा?"

"खरं ते बोललो."

"मग जरा आधी बोलायचं."

साहेब बोलत होते तेव्हा मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. हे मी तिला सांगितलं नाही. तिला ठाऊकच होतं.

बसमध्ये चढताना तिनं हात हलवला. मी हलवला की नाही, आठवत नाही.