उठल्यावर काय खाणार?

"उठल्यावर काय खाणार?" टेबलावर आडव्या झालेल्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर हे विचारत. सकाळपासून पाण्याचा थेंब नसलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे छळच, असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

डॉक्टर भूलतज्ज्ञ, राहायला कसबा पेठेत. कर्वेनगरच्या आमच्या कंपनीत शिकाऊ भूलतज्ज्ञांसाठी व्हीआर प्रशिक्षण तयार होत होतं. हेडसेट घातला की समोर ऑपरेशन थिएटर, टेबलावर पेशंट आणि चुकलं तरी कुणी मरत नाही. डॉक्टरांना याचं फार अप्रूप. सुट्टीच्या दिवशीही स्कूटरवरून येत, हातांना सेन्सर बांधून घेत, सूचना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करत आणि माझ्यासारख्या प्रोग्रामरला भूल कशी देतात ते समजावत.

त्या प्रश्नाचं इंगितही त्यांनीच सांगितलं. पेशंट बोलताना तोंड किती उघडतं, दात कुठला हलतो, दम लागतो का, सगळं दिसतं. "आणि घाबरलेला माणूस जेवणावर आला की निम्मं काम झालं," ते म्हणत. एक बाई पुरणपोळी सांगून कटाच्या आमटीपाशी झोपल्या. त्या शुद्धीवर येताच डॉक्टर म्हणाले, "तुमची आमटी सांगायची राहिली."

म्हणून त्यांची एकच अट होती, पेशंट बोलका हवा. मालकांनी शब्द दिला आणि मी मन लावून बोलका पेशंट घडवला.

उद्घाटनाला डॉक्टरांनी हेडसेट घातला. हात त्यांचे, सूचना त्यांच्याच आवाजात, पेशंट मात्र गप्प. गप्पांत वेळ जातो आणि शिकाऊंना गुण तर वेगाला, म्हणून मालकांनी तो भाग परस्पर काढून टाकला होता. मलाही तिथेच कळलं.

"अहो, मुका केलात की त्याला," डॉक्टर मला म्हणाले.

मला माहीत नव्हतं, एवढंच मी सांगू शकलो. आता माझा आवाज तरी काढा, असं त्यांनी मालकांना शांतपणे सांगितलं. तोही काढला नाही. डॉक्टर पुन्हा आले नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत गेलेच. मालकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

परवा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल द्यायला एक तरुण डॉक्टर होता, आमच्याच हेडसेटवर शिकलेला. हात सफाईदार. मास्क लावताना "सावकाश, लांब श्वास घ्या" म्हणाला. शब्द, मधलं थांबणं, सगळं डॉक्टरांचं.

मी थालीपीठ ठरवून ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही.