शालूमावशीची टिटवी

काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी कॅलट्रेनमध्ये होते. "शालू गेली गं," एवढंच म्हणाले... आणि मी माझं स्टेशन सोडून कितीतरी पुढे गेले. आता महिना झाला. रडून झालंय. आता मला फक्त सांगायचंय, की आमची मावशी काय चीज होती!

सख्खी नव्हे हं, सनीव्हेलला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. माहेर वर्ध्याकडचं, कुंभाराचं. माती तुडवायची तिची आई, मडकी थापायची आई, रंगवायचीसुद्धा आईच. पण बाईने चाकाला हात लावायचा नाही, म्हणून मडकी कायम 'बाबांची'. मी हट्टाने तिला पॉटरी क्लासला नेलं, तर चाक बघून हिने हात ओढणीत लपवले! "नको गं... आमच्यात नाही चालत." बासष्टाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात!

मग एकदा आम्ही म्युझियममध्ये गेलो. न्यू मेक्सिकोतले, कोलंबसच्याही कितीतरी आधीचे वाडगे. पांढऱ्यावर काळ्या रंगात ससे, मासे, एक लांब मानेचा पक्षी. मावशी अगदी काचेला नाक लावून म्हणाली, "चाकावर हात बसलाय बघ यांचा." गाइड हसली. चाक नव्हतंच त्यांच्याकडे! मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेले, आणि तेही बहुतेक बायकांनीच. मी मराठीत सांगितलं. मावशीने काचेवरचं नाक काढलं. मग म्हणाली, "नीट विचार तिला. सगळंच बायकांनी? पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

दुसऱ्या दिवशी माती ऑर्डर! आणि त्याच क्लासला नाव, पण चाकाला हात न लावता, वळ्या रचून. मी म्हटलं, तोच ससा काढ ना. "तो त्यांचा. मी माझ्या गावचं काढीन." तीन वाडगे भट्टीत तडकले. तोवर तिचं दुखणं कळलं होतं, पण क्लास एकदाही कॅन्सल केला नाही. "एक तरी अख्खा निघू दे," एवढंच म्हणायची. चौथा बाहेर आला तसा तिने बोटाच्या पेराने टक केलं, कान लावला. टण्ण! "पक्का आहे," म्हणाली, आणि अशी हसली ना...

"मावशी, बदक काय क्यूट आहे यार!"

"बदक? टिटवी आहे ती. पुण्याची ना तू!"

तो वाडगा काकांनी मला दिलाय. त्यात माझा ऑफिसचा बॅज असतो. कोणी विचारलं, कुठून घेतला, की मी तो उलटा करून दाखवते. तळाला मावशीचं नाव नाहीये. 'गिरजा' लिहिलंय, तिच्या आईचं.

रोज सकाळी बॅज उचलते आणि पेराने टक करते. पक्का आहे.