कासव इंग्रजी बोलायचं

आईच्या गोष्टीतलं कासव इंग्रजी बोलायचं, असं मी साठीला येईपर्यंत मानत होतो. हसा खुशाल.

आई सोनगीरकडची, तिची बोली अहिराणी. आम्ही राहायचो जळगावात, आणि वडिलांचा दंडक असा की पोरांनी शहरी मराठीच बोलायची. अहिराणी आमच्या कानावर पडायची ती गोष्टीपुरती, आई भाकरी थापता थापता सांगायची तेव्हा. तळं आटतं, दोन बगळे चोचीत काठी धरतात, कासव मधोमध दातांनी लटकतं आणि उडतं. खालून पोरं विचारतात, "कासवभाऊ, कोठे चालना?" कासव तोंड उघडतं, म्हणतं, "येस!" की पडलंच धाडकन. माझं शाळेत नुकतंच इंग्रजी सुरू झालेलं. कासवालाही येतं म्हणून मला कोण आनंद! प्रश्नाला ते उत्तर जुळत नाही, हे डोक्यातही आलं नाही.

पुढे मी धुळ्यात जन्मभर इंग्रजीच शिकवलं.

गेल्या वर्षी आई तिथेच दवाखान्यात होती. दुपारी विचारलं, "आई, बरं वाटतंय ना?" तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "येस." मला हसूच फुटलं. नर्सला म्हटलं, "बघा, आमची म्हातारी इंग्रजी फाडतेय!" आणि खुशीत खाली चहाला गेलो. वर आलो तर सगळं संपलेलं. तेराव्यापर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत होतो, की तिचा शेवटचा शब्द इंग्रजी होता.

परवा अमळनेरच्या एका जुन्या ग्रंथालयात त्याच गोष्टीचं फार जुनं इंग्रजी भाषांतर हाती लागलं. कोण्या साहेबानं केलेलं, पानं पापडासारखी. आईची इतकी आठवण येत होती की वाटलं, निदान तिचं ते 'येस' तरी इथे भेटेल. कुठलं काय! साहेबाचं कासव लोकांवर चिडतं, त्यांना शिव्याशाप देतं आणि पडून मरतं. पान पुन्हा पुन्हा वाचलं. आई त्यात कुठेच नव्हती. अगदी रडू यायला लागलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, फोन लावला. ती लहानपणी आजोळी वाढलेली.

"अक्का, आईचं कासव येस म्हणायचं ना, ते पुस्तकात नाही गं."

अक्का खो खो हसली. "अरे येडा, कासव काय साहेब व्हतं का? घरथून निंघताना 'जास' म्हनतस का कोनी? 'येस' म्हनतस. तुमचं ते 'येतो' रे! कोनी इचारं ते सांगाबिगर कसं जावानं, म्हनीसन बिचारानी तोंड उघाडं."

हसता हसता तिला आईचं ते शेवटचं 'येस' आठवलं असावं. दवाखान्यातली गोष्ट तिलाही मीच रंगवून सांगितली होती.

"मंग तू काय म्हनना तिले?" तिनं हळूच विचारलं.

निघणारा 'येतो' म्हणाला की राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचं असतं, एवढं तर पोरासोरांनाही कळतं. मी हसलो होतो आणि चहाला गेलो होतो.

फोन ठेवून पायरीवर बसलो आणि मोठ्यानं म्हटलं, कोणी ऐकलं तर ऐको, "ये वं माय. लवकर ये."